एसएनसीयूतल्या नवीन सिस्टरांना आधी काय शिकवायचं?

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. उपजिल्हा रुग्णालयात १२ खाटांचा एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचा खास कक्ष, नुकताच सुरू झालाय. सिस्टर बहुतेक जनरल वॉर्डातून आलेल्या, काही थेट कॉलेजातून. एफबीएनसीचं (रुग्णालयातल्या नवजात बाळाच्या काळजीचं) सरकारी प्रशिक्षण फक्त दोघींचं झालंय. पुढच्या महिन्यात तुम्हाला तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. त्यात विषय कोणते, क्रम कोणता आणि व्हेंटिलेटर शिकवायचा का, हे विचारलंय.

मी नवजात विभागात परिसेविका म्हणून बरीच वर्षं काढली आणि त्यातला मोठा वेळ नवीन मुलींना तयार करण्यात गेला. त्यावरून सांगते, विषयांची यादी ही तुमची अडचण नाहीच. यादी कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळेल. अडचण येते ती कार्यशाळेनंतर दोन महिन्यांनी, रात्रपाळीला. तीन वाजता १४०० ग्रॅमचं बाळ निपचित पडलंय, ड्युटीला एक सिस्टर आणि एक मावशी, आणि तुम्ही क्वार्टरवर झोपलेले. त्या वेळी सिस्टरच्या नजरेला काय दिसतं, तिचा हात कशाकडे जातो आणि तुम्हाला फोन करायला ती कचरते का, या तीन गोष्टींसाठी प्रशिक्षण असतं. परीक्षेत ९० गुण मिळवलेली मुलगी यांपैकी एकीतही कच्ची असू शकते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. बाळं तुमच्याच प्रसूतिगृहातून येतात की तालुक्यातून रिक्षा-जीपमधून गारठून येतात? बालरोगतज्ज्ञ चोवीस तास आहेत की तुम्ही एकटेच? वैद्यकीय महाविद्यालय तासाभरावर आहे की चार तासांवर? आणि एका पाळीत सिस्टर किती? दर पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असायला हवी. तुमच्याकडे १२ बाळांमागे एकच असेल, तर कितीही शिकवलं तरी त्या पाळीत दर दोन तासांचं दूध आणि दर दोन तासांचं तापमान दोन्ही वेळेवर होणार नाही. ते प्रशिक्षणाचं अपयश म्हणून मुलींच्या माथी मारू नका. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ साली असा कक्ष उभा राहिला, तेव्हा नर्स कमी पडतात म्हणून त्यांनी स्थानिक मुलींना नवजात सहायिका म्हणून तयार केलं होतं. मनुष्यबळाचा विचार तिथे प्रशिक्षणाच्या बरोबरीने झाला होता.

सरकारी प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. एनएसएसके (नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम) दोन दिवसांचं आहे. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरणं आणि जन्मावेळची निगा हा त्याचा गाभा. प्रसूतिगृहातल्या प्रत्येकीचं ते झालेलं हवंच. एफबीएनसीत चार दिवस वर्ग आणि मग १४ दिवस मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष निरीक्षण. माझ्या मते खरी किंमत त्या १४ दिवसांची आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी वाया जातात, कारण मुली तिथे भिंतीला टेकून उभ्या राहतात. पाठवताना दोघी-दोघी पाठवा आणि हातात काम द्या: रोज एका बाळाची दाखल झाल्यापासूनची सगळी नोंद स्वतः लिहून आणायची, तिथलं दूध काढण्याचं ठिकाण कसं मांडलंय ते बघायचं, ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना बाळांची माहिती, कशी देतात ते ऐकायचं. परत आल्यावर तेच इथे बाकीच्यांना करून दाखवायचं. प्रमाणपत्र फाइलला लावलं की काम संपलं, असं होऊ देऊ नका.

आता क्रम. पहिले काही दिवस मी कुठलंही यंत्र शिकवत नाही. हात धुणं, ऊब आणि बघणं, एवढंच.

हात धुण्याबद्दल तुम्हाला वाटेल, हे काय शिकवायचं? कक्षात येताना दोन मिनिटं, कोपरापर्यंत, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ काढून. आणि दोन बाळांच्या मध्ये दर वेळी हातांना सॅनिटायझर. ‘सुमन-के’ सगळ्यांना पाठ असतं: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. पाठ असणं वेगळं आणि तीन बाळं एकदम रडत असताना करणं वेगळं. त्यात राउंडला तुम्ही स्वतः हात न धुता बाळाच्या पोटाला हात लावलात, की माझं महिनाभराचं शिकवणं गेलं. मुली शब्दांपेक्षा साहेब काय करतात ते बघतात. म्हणून पहिला विद्यार्थी तुम्ही आणि दुसरे एक्स-रेवाले मामा.

ऊब हा विषय मी कारणासकट शिकवते, कारण नुसतं ‘बाळ गरम ठेवा’ सांगितलं की ते आईला सांगायचं वाक्य होऊन बसतं. कमी दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ, चरबी नाहीच, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. ते गारठलं की ऊब तयार करायला साखर आणि ऑक्सिजन जाळतं. साखर उतरते, श्वास वाढतो किंवा थांबतो, दूध पचत नाही. मग आपण जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकं सुरू करतो आणि मूळ कारण असतं उघडा पंखा. ही साखळी एकदा डोक्यात बसली की मुलगी आपणहून पंखा बंद करते.

त्यासाठी हाताची सवय लावते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार आणि पाय गुलाबी, तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय, आत्ताच काहीतरी करा. दोन्ही गार, तर उशीर झालाय. मग थर्मामीटर लावून बघायचं: ३६.५ ते ३७.५ ठीक, ३६ ते ३६.४ म्हणजे गारठ्याचा ताण, ३६ च्या खाली हायपोथर्मिया, ३२ च्या खाली गंभीर. नवीन मुलीने आधी हाताने अंदाज सांगायचा आणि मग मोजायचं. आठवडाभरात अंदाज जुळायला लागतो आणि तिला स्वतःच्या हाताचा भरवसा येतो. वॉर्मरचा प्रोब (बाळाच्या अंगाला चिकटवलेला तापमान मोजणारा भाग) निसटला तर काय होतं, तेही तिथेच दाखवायचं: यंत्राला वाटतं बाळ गार आहे, हीटर पूर्ण पेटतो आणि बाळ तापतं. त्या बाळाला ताप आला म्हणून रक्त तपासायला पाठवलेलं मी पाहिलंय.

बघणं म्हणजे हात न लावता एक पूर्ण मिनिट बाळाकडे बघायचं. घड्याळ धरून. नवजात बाळ मधूनच थांबून श्वास घेतं, म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो. श्वास ६० च्या वर आहे का, छाती आत ओढतेय का, कण्हल्यासारखा आवाज येतोय का, रंग कसा, हातपाय कसे मुडपलेत, मघाशी होतं तसंच आहे का. या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त मोल देते. बाळ बिघडण्याआधी बहुतेक वेळा नुसतं ‘वेगळं’ दिसतं: मघाशी दूध ओढत होतं, आता ओठ हलवत नाही; मघाशी डायपर बदलताना चिडलं, आता चिडत नाही. ज्या सिस्टरने त्याला आधी नीट पाहिलंय, तिलाच हा फरक कळेल. म्हणून पाळीत बाळं वाटून द्या. सगळ्यांनी सगळी बाळं बघायची म्हटलं की कुणीच कुठलं बाळ बघत नाही.

यानंतर अंबू बॅग, म्हणजे मास्कमधून बाळाला हाताने श्वास देण्याचा फुगा. बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत फुप्फुसात हवा जायला हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. हाताला माहीत नसतं. कार्यशाळेत बाहुलीवर एकदा केलेलं दोन-तीन महिन्यांत विसरतं, हा अनुभव सगळीकडचा आहे. उपाय साधा आहे: बाहुली कपाटात कुलूपबंद ठेवू नका, वॉर्मरशेजारी ठेवा आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला प्रत्येकीने दोन मिनिटं करायचं. आधी बॅग तळहातावर दाबून बघायची, झडप उडते का, फुगा परत भरतो का. मास्क हनुवटीच्या टोकापासून नाकापर्यंत, डोळ्यांवर नको. ० नंबर लहान बाळाला, १ पूर्ण दिवसांच्याला. खांद्याखाली घडी. मग ‘दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन’, मिनिटाला ४० ते ६०. नजर छातीवर हवी, बॅगेवर नको. छाती हलली नाही तर मास्क पुन्हा बसवायचा, मान नीट करायची, तोंड-नाक साफ करायचं, तोंड थोडं उघडायचं, मग थोडं जास्त दाबायचं. बहुतेक मुली छाती हलत नसतानाही दाबतच राहतात, कारण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. शिकवणाऱ्याने नेमकं तिथेच थांबवून विचारायचं: छाती हलली का?

औषधांचं गणित हा दुसरा नाजूक भाग आणि यावर कुणी वेळ देत नाही. एक उदाहरण सांगते. तुम्ही जेंटामायसिन ७.५ मिलिग्रॅम लिहिलंय. स्टोअरमधून लहान मुलांची कुपी आली तर २ मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.७५ मिली भरायचं. पुढच्या आठवड्यात ती संपली आणि मोठ्यांची आली, २ मिलीत ८० मिलिग्रॅम. सवयीने ०.७५ मिलीच भरलं, तर बाळाला ३० मिलिग्रॅम गेलं, चौपट. मूत्रपिंड आणि कान दोन्ही पणाला. इथे ‘लक्ष द्या’ असं ओरडून काही होत नाही. कक्षाचा एकच नियम करा: मोठी कुपी आली तर १ मिली औषधात ३ मिली पाणी घालून आधी ती लहानाच्या बरोबरीची करायची, सिरिंजवर नाव आणि तीव्रता लिहायची, आणि दुसऱ्या सिस्टरने कुपी हातात घेऊन वाचायची. रोज सकाळच्या ओव्हरला असं एक गणित फळ्यावर टाका. कागद-पेन घेऊन करू द्या, हसू नका. जिला गणित येत नाही ती मुकाट शेजारणीचं बघून भरते, आणि ती कोण हे आपल्याला कळायला हवं.

साखरेचंही तसंच. ४५ च्या खालचा आकडा दिसला की काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं असतं. पण मोजायचं कधी, ते मुलीने स्वतः ठरवायला शिकलं पाहिजे. दाखल होताना, कमी वजनाचं असेल तर ठरावीक तासांनी, आणि बाळ ‘वेगळं’ दिसलं की लगेच. साखर कमी असलेलं बाळ थरथरेलच असं नाही, नुसतं गप्प पडून राहील.

ऑक्सिजनबद्दल मात्र मुलींना उलटं शिकवावं लागतं. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) १०० दिसलं की सगळ्यांना हायसं वाटतं. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळात १०० हा धोक्याचा आकडा आहे. ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवायचं, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि अंधत्व येऊ शकतं. अलार्मची वरची मर्यादा ९५ ला लावायची आणि तो वाजला की ऑक्सिजन कमी करायचा, अलार्म बंद करायचा नाही. ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २ किलोच्या आतली बाळं चौथ्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायची. २८ आठवड्यांच्या आतली किंवा १२०० ग्रॅमच्या आतली त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांत. घरी सोडताना ही तारीख कार्डावर, आईच्या मोबाइलमध्ये आणि आशाताईंच्या वहीत, तिन्हीकडे गेली पाहिजे. एवढं करून वाचवलेलं बाळ डोळे गमावतं ते ही तारीख चुकल्यामुळे.

आता व्हेंटिलेटर. माझं सरळ उत्तर: आत्ता नको. तुमच्याकडे चोवीस तास तज्ज्ञ, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि पुरेशा सिस्टर नसतील तर व्हेंटिलेटर बाळाला नुकसानच करेल. त्याऐवजी बबल सीपॅप, म्हणजे बाळ स्वतः श्वास घेत असताना नाकातून हवेचा सतत दाब देणारं साधन, चांगला शिकवा. कमी दिवसांच्या, श्वासाला त्रास असलेल्या बाळाला तो वेळेवर लावला तर पुष्कळ बाळं त्यावरच निभावतात, आणि यंत्र समजायला सोपं आहे: नळी पाण्यात जितके सेंटिमीटर बुडाली तितका दाब, सुरुवात ५ ने. सीपॅप लावणं अर्ध्या तासात येतं. तो सांभाळणं हे नर्सिंगचं काम आहे. बुडबुडे थांबले की आधी नाकातून गळती आहे का, तोंड उघडं आहे का, नळीत पाणी साठलंय का ते बघायचं. पोट फुगू नये म्हणून तोंडातून पोटात नळी, वरचं टोक उघडं. आणि दर दोन तासांनी नाकाच्या दोन भोकांमधला पडदा बघायचा. प्रॉंग्ज (नाकात बसवलेल्या छोट्या नळ्या) तिथे टेकले तर आधी लाल, मग पांढरट, मग काळा. लाल दिसताच सरकवायचे. नाक झडलेलं बाळ आईच्या हातात देणं मला तरी नको वाटतं.

आयांबद्दल वेगळं लिहिते, कारण बहुतेक कार्यशाळांत तो शेवटच्या दिवशी जेवणानंतरचा विषय असतो. कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. पुढे भारतासह पाच देशांत, दिल्लीच्या सफदरजंगमध्येही, १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला: बाळ स्थिर होण्याची वाट न बघता लगेच आईच्या छातीशी दिलेल्या गटात मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशीही बदलल्या. म्हणजे आईला दाराबाहेर बाकड्यावर बसवणारा कक्ष आता कालबाह्य आहे. खुर्च्या, गाउन, पडदा यांची सोय तुमच्या हातात आहे. सिस्टरला मात्र वेगळं कौशल्य लागतं: सिझर झालेल्या, घाबरलेल्या, सासूच्या धाकात असलेल्या बाईला बसवून बाळ छातीशी बांधून देणं, हाताने दूध काढायला शिकवणं, पहिल्या दिवशी चार थेंब आले तरी ते वाया न घालवणं. दूध पाजायला कार्यशाळेत पालादाई (चोच असलेली छोटी वाटी) दाखवतात. आपल्याकडे आजीला बोंडलं माहीत असतं. फक्त ते उकळून घ्यायचं आणि बाळ जागं असताना, बसतं धरून पाजायचं, हे सांगा. आणि मुलींना सांगा, आई म्हणाली ‘आज बाळ बरं वाटत नाही’, तर ती नोंद आहे, तक्रार नाही.

‘कमी शिकलेल्यांना हे जमणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर गडचिरोलीचं नाव घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’मधून खेड्यातल्या थोडं शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: श्वास मोजणं, ऊब, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यांचं यश पुस्तकी ज्ञानात नव्हतं. थोड्याच गोष्टी, पुन्हा पुन्हा करून घेणं आणि मागे नियमित देखरेख, असं ते काम होतं. आपल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या मुली तर त्याहून कितीतरी पुढे आहेत.

फोनचं बोलते, थोडं कडू लागेल. रात्री सिस्टर फोन करत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या फोनला मिळालेलं उत्तर असतं. ‘एवढ्यासाठी उठवलं?’ हे एकदा ऐकलं की ती पुढच्या वेळी सकाळची वाट बघते. कार्यशाळेत तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, की ‘बाळ मला बरोबर वाटत नाही’ एवढंच कारण पुरेसं आहे, आणि मग तसं वागा. मुलींनाही सांगायचा क्रम द्या: कोणतं बाळ, किती दिवसांचं, वजन, आत्ता काय बदललं, श्वास, तापमान, साखर, सॅच्युरेशन, मी काय केलं, तुम्ही या. हे सगळं बाहुलीबरोबरच सरावात घ्या, खरा फोन लावून. ओव्हरही बाळाजवळ उभं राहून द्यायची, टेबलावर वही वाचून नाही.

आणि एक सराव कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: कक्ष रिकामा करण्याचा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. तुमच्या प्रत्येक पाळीला माहीत हवं: मेन स्विच कुठे, ऑक्सिजन कुठून बंद होतो, दुसरं दार उघडं आहे का त्यासमोर जुनी कपाटं लावलीत, आणि कुठलं बाळ कोण उचलणार.

बदल्यांचं काय? मुली तयार झाल्या की मेडिसिन वॉर्डला जातात, हे रडगाणं सगळीकडे आहे. अधिसेविकांना भेटून निदान वर्षभर फिरवू नका असं लेखी मागा. तरीही बदल्या होतील. म्हणून प्रत्येक नव्या मुलीला पहिले काही आठवडे एका जुन्या सिस्टरच्या जोडीने ठेवा, रात्रपाळीला एकटी मुळीच नको, आणि काय-काय येतं त्याची वही दोघींनी सही करून भरायची.

तर तुमच्या तीन दिवसांचं मी असं करेन. सलग घेऊ नका, कारण सलग घेतलं तर निम्म्या सिस्टर ड्युटीवर आणि निम्म्या हॉलमध्ये. आठवड्याला एक दिवस, सकाळ-दुपार दोन तुकड्यांत, कक्षाशेजारच्या खोलीत घ्या. पहिला दिवस हात, ऊब, बघणं आणि अंबू बॅग. दुसरा दूध, साखर, औषधांचं गणित. तिसरा ऑक्सिजन, सीपॅप, आई आणि फोन. मधल्या आठवड्यांत रोज दहा मिनिटं, पाळी बदलताना, त्याच आठवड्याचं पुन्हा. लेखी चाचणी हवी तर घ्या, वरून मागतात. पण तुम्ही स्वतः रजिस्टर बघा: दाखल होताना किती बाळांचं तापमान ३६.५ च्या खाली होतं, त्यातल्या किती आपल्याच प्रसूतिगृहातल्या, रात्री दोन ते सहा या वेळेतल्या नोंदी खऱ्या आहेत की सकाळी एका शाईने भरलेल्या. दर महिन्याला हे आकडे मुलींसमोर मांडा, नावं न घेता. प्रसूतिगृहाच्या सिस्टरांनाही त्या बैठकीला बोलवा. गारठलेलं बाळ तिथूनच निघालेलं असतं आणि त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.